अवचित मेलेल्या कोंबडीचे काय करावे?



वसंत व्याख्यानमालेत कोंबडीवर व्याख्यान ठेवलेले पाहून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा व्यासपीठांवर राजकारण झाले, इतिहास झाला, वाङ्मय झाले. त्या मानाने मेलेली कोंबडी खावी की खाऊ नये, हा प्रश्न फारच खालच्या पायरीवरचा. शिवाय आपल्या या भाईंदरात मांसाला न शिवणारी वस्ती मोठी आहे. त्यांना या विषयाशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमची एवढीच विनंती की थोडा वेळ बसावे. ज्या रोगाविषयी पुढे बोलावयाचे आहे तो खाणारा कोण आणि न खाणारा कोण हे पाहून घरात शिरत नाही.

हा प्रश्न आपल्या शहरात दोन तऱ्हांनी विचारला जातो. उत्तन, पाली, राई, मुर्धे, मोर्वे या बाजूला अजून परसात खुराडी आहेत. तिथे संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी खुराड्यात आडवी पडलेली सापडते. अंगावर जखम नाही, मुंगसाने धरल्याची खूण नाही, वजन चांगले दोन किलो. घरातली बाई विचारते, हिचे काय करायचे? दुसरी तऱ्हा मीरारोडच्या इमारतींतली. तिथल्या माणसाने कोंबडी जिवंत पाहिलेलीच नसते. त्याला मिळते ती पिशवी. उन्हाळ्याच्या दिवसांत महामार्गावरून काशीमिऱ्याकडे येणाऱ्या, जाळीच्या पेट्या रचलेल्या गाड्या तो पाहतो आणि मनात म्हणतो, यांतल्या सगळ्याच काही जिवंत उतरत नसतील; मग न उतरलेल्या जातात कुठे?

दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे, आणि ते शेवटपर्यंत राखून ठेवण्यात अर्थ नाही. आपोआप मेलेली कोंबडी खाऊ नये. आणि जी आपण खाऊ नये ती दुसऱ्यालाही खाऊ घालू नये. आता यावर जो आक्षेप हटकून येतो त्याकडे वळू, कारण तो आक्षेप निव्वळ अडाणीपणाचा नाही. आक्षेप असा की, आपण काही कच्चे मांस खात नाही. आपल्याकडे कोंबडीचा रस्सा अर्धा-पाऊण तास रटरटतो. कसला जंतू त्यात टिकणार?

यातला अर्धा भाग खरा आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. कोंबडीच्या मांसातून माणसाला बाधणारे जे नेहमीचे जंतू, म्हणजे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर, ते नीट शिजवल्याने मरतात. बर्ड फ्लूचा विषाणूदेखील मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश सेल्सियसची उष्णता पोहोचली की नष्ट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला रस्सा १०० अंशांवर उकळतो. तेव्हा आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळांना वाचवले आहे यात शंका नाही.

पण उकळण्याने जंतू मरतो; जंतूने आधीच करून ठेवलेले विष नेहमीच मरते असे नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू मांसावर वाढला तर तो असे विष सोडतो की ते उकळूनही बरेचसे तसेच राहते. क्लॉस्ट्रिडियम जातीचा एक जंतू तर बीजाणू करून बसतो. रस्सा उकळला तरी बीजाणू जगतात आणि मोठे पातेले ओट्यावर हळूहळू निवत राहिले की पुन्हा वाढीला लागतात. लग्नाकार्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या वऱ्हाडाची पोटे एकदम बिघडतात, त्यामागे पुष्कळदा हा जंतू असतो. शिवाय कोंबडी जंतूनेच मेली हे तरी कोणी सांगितले? शेतात फवारलेले औषध दाण्यांबरोबर तिच्या पोटात गेले असेल. उंदरांसाठी ठेवलेली गोळी तिने टिपली असेल. पोल्ट्रीत आजारी पडलेल्या पक्ष्याला औषधे पाजलेली असतील. अशी औषधे दिल्यावर अमुक दिवस तो पक्षी खाण्यासाठी कापू नये असा दंडक असतो, आणि मधेच मेलेल्या पक्ष्याच्या अंगात ते औषध तसेच राहिलेले असते. या गोष्टींवर चुलीचा अंमल चालेलच अशी खात्री नाही.

मेल्यावर कोंबडीच्या शरीरात काय घडते तेही थोडे पाहू. जिवंत कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ ते ४२ अंश असते, म्हणजे आपल्याला सणसणून ताप भरावा तेवढी. कापलेल्या कोंबडीचे निम्म्याच्या आसपास रक्त वाहून जाते, आतडी लगेच काढली जातात, पिसे जातात आणि अंग निवू लागते. आपोआप मेलेल्या कोंबडीचे यांतले काहीच होत नाही. रक्त आतच साकळते, आणि रक्तासारखे जंतूंना पोसणारे दुसरे अन्न नाही. पिसांच्या गोधडीत ती तासन्‌तास ऊबदार राहते. जिवंतपणी आतड्यातल्या जंतूंना आतल्या आत अडवून धरणारी शरीराची तटबंदी मृत्यूबरोबर ढासळते आणि ते मांसात शिरतात. अनुकूल उष्णतेत जंतूंची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. रात्री दोनला मेलेली कोंबडी सकाळी सातला सापडली, तर त्या पाच तासांत किती दुपटी झाल्या याचा हिशेब ज्याने त्याने करावा. वैशाखातल्या भाईंदरच्या रात्री कशा असतात हे आम्ही तुम्हांला सांगायला नको.

इथे उत्तनच्या मंडळींकडून एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. मासा आम्ही मेलेलाच खातो, त्याला कुठे कोणी कापून रक्त काढतो? प्रश्न बिनतोड वाटतो. पण मासा का मेला हे कोळ्याला ठाऊक असते: तो पाण्याबाहेर आला म्हणून मेला. जाळ्यात येईपर्यंत तो हिंडता-फिरता होता. त्याचे अंग मुळातच पाण्याइतके थंड, आणि होडीवर त्याच्यावर बर्फ पडतो, किंवा बोंबील असेल तर तो वलांडीवर उन्हात सुकतो. आता याच कोळ्याला विचारा, की खाडीच्या पाण्यावर पोट वर करून तरंगत आलेला मासा तू उचलशील का? तो नाही म्हणेल. त्याचा धंदा त्याला शिकवतो की कसा मेला हे ठाऊक असलेला मासा वेगळा आणि ठाऊक नसलेला वेगळा. कोंबडीच्या बाबतीत आमचे सारे म्हणणे या कोळ्याच्या ‘नाही’त आले.

कोंबडी अवचित मरण्याची कारणे पुष्कळ, आणि त्यांतली सगळीच भयंकर नाहीत. उन्हाच्या तडाख्याने ती मरते. तिला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकणे एवढाच तिचा उपाय. झपाट्याने वजन वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांत तर असे आढळते की धडधाकट दिसणारा पक्षी एकाएकी पंख फडफडवतो, उताणा पडतो आणि संपतो. त्यांचे हृदयच दगा देते. सर्पदंश आहे, पेटीतली चेंगराचेंगर आहे, शेडमधली वीज जाऊन पंखे बंद पडणे आहे. पण यांच्याच शेजारी पटकी आहे, राणीखेत आहे, बर्ड फ्लू आहे. बाहेरून पाहता उन्हाने मेलेली कोंबडी आणि रोगाने मेलेली कोंबडी यांत फरक ओळखण्याचे साधन घरात कोणाकडेही नसते. पशुवैद्यालासुद्धा शवविच्छेदन करावे लागते, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ‘ही उन्हाने मेली असेल’ हे वाक्य आपण बोलतो तेव्हा आपण निदान करीत नसतो. आपली इच्छा बोलून दाखवीत असतो.

नवापूरची गोष्ट या संदर्भात महाराष्ट्राने विसरू नये. नंदुरबार जिल्ह्यातले हे गुजरातच्या सीमेवरचे गाव, कोंबड्यांच्या धंद्याचे मोठे ठाणे. २००६ च्या आरंभी तिथल्या शेडांत पक्षी मरू लागले. ही मर राणीखेतची आहे असे पुष्कळांनी धरले, आणि ते अगदीच अस्वाभाविक नव्हते. राणीखेत आपल्या ओळखीचा रोग. कुमाऊँतल्या राणीखेत गावाचे नाव त्याला पडले, कारण हिंदुस्थानात त्याची पहिली नोंद १९२८ च्या सुमारास तिथली. त्यात कोंबडी मान पिळवटते, म्हणून आपले शेतकरी त्याला मानमोडी म्हणतात. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही) की १९१८ साली माणसांत जो इन्फ्लुएन्झा आला आणि ज्याने गावेच्या गावे निजवली, त्यालाही महाराष्ट्राने मानमोडीच म्हटले होते. नवापुरात ज्या मरीला कोंबड्यांची मानमोडी समजले गेले ती प्रत्यक्षात इन्फ्लुएन्झाच निघाली. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा आला आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातल्या कोंबड्यांत तो प्रथमच सापडला होता.

मग जे झाले ते अनेकांना आठवत असेल. लक्षावधी पक्षी मारून पुरावे लागले. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यात तोच प्रकार. देशभर कोंबडी आणि अंडी कोणी घेईना. रेल्वेने गाड्यांतल्या जेवणातून कोंबडी काढून टाकली. नवापुरात माणसाला लागण झाल्याचे तपासणीत आढळले नाही, ही त्यातली समाधानाची बाजू. पण २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला हाच रोग पुन्हा आला. त्या आधीच्या महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या पटापट मेल्या होत्या, त्याही याच रोगाने. आणि हे सारे आपल्यापासून लांब आहे असे समजू नये. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास पक्षी एकाएकी मेले. बर्ड फ्लूच ठरला. एक किलोमीटरच्या आतले सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचा हुकूम निघाला. त्याच सुमारास खाडीपलीकडे वसई-विरारकडेही या रोगाची नोंद झाली. वेहळोलीतले ते पहिले पक्षी कोणी कापून खाल्ले असते, किंवा गुपचूप बाजारात धाडले असते, तर प्रयोगशाळेपर्यंत काय पोहोचले असते? अवचित मेलेली कोंबडी ही एक बातमी असते. ती पातेल्यात घातली की बातमी तिथेच संपते, रोग मात्र संपत नाही.

आता चुलीवर विसंबणाऱ्यांना आमचे मुख्य उत्तर. मांस उकळते ते शेवटी. त्याआधी कोणीतरी ती कोंबडी उचलते, गरम पाण्यात बुडवते, पिसे उपटते, पोट फाडते, आतडी काढते, विळीवर तुकडे करते. हे सारे करीपर्यंत तिला आगीचा स्पर्श झालेला नसतो. पिसे उपटताना उडणारी धूळ नाकात जाते, रक्त नखांत जाते, त्याच हाताने कपाळावरची बट मागे सारली जाते. बर्ड फ्लू माणसाला होतो तो बहुधा असा. शिजलेल्या घासाने झाल्याची उदाहरणे शोधावी लागतील. आजारी वा मेलेला पक्षी हाताळल्याची उदाहरणे मात्र देशोदेशी आहेत. १९९७ साली हाँगकाँगला प्रथम १८ माणसांना हा रोग झाला आणि त्यांतली ६ दगावली. तिथे धागा पोहोचला जिवंत कोंबड्यांच्या बाजारापर्यंत. २००६ साली अझरबैजान देशात काही खेडुतांनी मेलेल्या रानहंसांची पिसे विकण्यासाठी उपटली. हंस खाण्याचा प्रश्नच नव्हता, नुसती पिसे. त्या लागणीत तरुण मुलीही सापडल्या, आणि त्या देशात त्या साली आठ जणांना रोग होऊन पाच मरण पावले. २००३ पासून जगभर साडेनऊशेहून अधिक माणसांना हा रोग झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी वाचली नाहीत. संख्या लहान आहे हे खरे. कोट्यवधी लोक रोज कोंबडी खातात त्या मानाने ती नगण्यच म्हणावी. पण ज्या दुखण्यात दोघांतला एक जातो, त्याच्याशी दोन किलो मांसासाठी कोणी गाठ घालून घ्यावी असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या देशात २०२१ साली हरयाणातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्लीत या रोगाने मृत्यू झाला. २०२५ साली आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक मुलगी गेली. घरात कोंबडी साफ करीत असताना तिच्या तोंडात कच्च्या मांसाचा तुकडा गेला होता, असे तिच्या घरच्यांनी सांगितल्याचे वृत्त होते. ती कोंबडी आपोआप मेलेली होती असे आमचे म्हणणे नाही. सांगायचे ते एवढेच, की कोंबडी साफ करण्याची जागा आणि लेकरांची खेळण्याची जागा आपल्या घरांत पुष्कळदा एकच असते.

कच्चे मांस खाणाऱ्यांचे काय होते ते वाघांना विचारावे. थायलंडमध्ये श्रीराचा येथील प्राणिसंग्रहालयात २००४ च्या ऑक्टोबरात वाघांना कोंबड्यांची कच्ची धडे घातली गेली. ४४१ वाघांपैकी १४७ वाघ रोगाने मेले किंवा त्यांना मारावे लागले. आपल्याकडे नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या डिसेंबरअखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. भोपाळहून अहवाल आला तो याच विषाणूचा, आणि त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर संशय घेतला गेला. घरी मांजर-कुत्रे असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ‘आपण नको खायला, मोत्याला घालू’ हा तोडगा मोत्याच्या हिताचा नाही आणि आपल्याही नाही.

एवढे शास्त्र हाताशी नव्हते तेव्हाही जुन्या लोकांनी ही रेघ ओढलेली दिसते. चरकसंहितेत कोणते मांस टाकावे याची जी यादी आहे तिच्यात आपोआप मेलेल्याचे आणि विषाने मेलेल्याचे मांस आहे. मुसलमानांत मुरदार निषिद्ध आहे. यहुद्यांच्या धर्मशास्त्रातही ते निषिद्ध आहे, आणि आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या जुन्या करारात अनुवाद नावाच्या पुस्तकात तो नियम वाचावयास मिळतो. मात्र तिथे त्या नियमाला एक चमत्कारिक पुस्ती जोडलेली आहे: असे मांस आपण खाऊ नये, वेशीतल्या उपऱ्याला द्यावे किंवा परक्याला विकावे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या समाजाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण ती पुस्ती आजच्या बाजारात शिल्लक आहे की नाही, याचा विचार करावा. जो व्यापारी मेलेली कोंबडी स्वतःच्या घरी कधी नेणार नाही, त्यालाही ती अर्ध्या दराने कोणा खानावळीला किंवा हातगाडीला देताना परका आठवतो. मसाला लावला, रंग लावला, तेलात सोडली, की जिवंत कापलेली कोणती आणि पेटीत मेलेली कोणती हे खाणाऱ्याला कळण्याची सोय राहत नाही. आमच्या या शहरात दिवसभर लोकलने उभे राहून दमून आलेला माणूस रात्री नऊला स्टेशनाबाहेर जे खातो, ते बहुधा असेच, कुठून आले याचा पत्ता नसलेले असते. सगळ्या गाड्यांवर असे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण होतच नाही असे म्हणण्याचे धाडस आम्हांला नाही.

आणि महाराष्ट्रात हा प्रश्न बोलताना महाडचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्याच परिषदेतली ही गोष्ट मात्र मागे पडते. गावाने मेलेली गुरे ओढायला लावायची, त्याच मांसावर जगायला लावायचे, आणि मग ते खातात म्हणून त्यांनाच हीन ठरवायचे, असा तो दुष्ट फेरा होता. तो तोडण्यासाठी ते आवाहन होते, आणि ज्यांनी ते पाळले त्यांना काही ठिकाणी गावाचा मार खावा लागला. हे अशासाठी सांगावयाचे की मेलेले मांस खाणाऱ्याला शहाणपण शिकवणे सोपे असते; त्याच्यावर ती पाळी कोणी आणली हे विचारणे अवघड. ज्या घरात महिन्यातून एकदा कोंबडी शिजते त्या घराला दोन किलोंची कोंबडी फेकून दे म्हणताना आपण किती मागतो आहोत याचे भान ठेवले पाहिजे. आम्ही ते भान ठेवूनच फेकून द्या म्हणतो आहोत. सरकारी दवाखान्यातही एका आजारपणाला कोंबडीच्या किमतीहून जास्त रोजगार बुडतो.

कायदा या बाबतीत मोघम नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याखालचे नियम २०११ चे. त्या नियमांत मांसाची व्याख्या करताना ज्या धडाचे मांस ते धड ‘कापलेल्या’ जनावराचे असले पाहिजे असे म्हटले आहे, आणि जनावर या शब्दात कोंबडीही धरली आहे. म्हणजे आपोआप मेलेल्या कोंबडीचे जे काही होते ते कायद्याच्या भाषेत मांसच नव्हे. तसेच प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा कायदा मालकावर बंधन घालतो की अनुसूचित रोगाचा संशय आला तर त्याने ती खबर दिलीच पाहिजे.

कायदा चांगला आहे. पण खबर देणाऱ्याचे काय होते यावर तो चालेल की नाही हे ठरते. सरकार भरपाई देते ती रोग पसरू नये म्हणून मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. म्हणजे जो पहिल्याच दिवशी ओरड करतो त्याचे पुष्कळ पक्षी भरपाईच्या हिशेबात येतात, आणि जो आठ दिवस वाट पाहतो त्याच्या पदरी मेलेल्यांचा ढीग उरतो. ही गोष्ट पोल्ट्रीवाल्यांना नीट समजावून सांगितली तर धाकापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल असे आमचे मत आहे. मात्र भरपाई वेळेवर आली पाहिजे. एकदा कोणाचे पैसे वर्षभर अडकले की शेजारचे दहा जण पुढच्या वेळी तोंड मिटून बसतात. आणि परसात चारच कोंबड्या बाळगणारी बाई या साऱ्या हिशेबात कुठे येते, हे तिला जाऊन कोणी सांगितलेले नसते.

आता गिऱ्हाइकाने काय पाहावे ते थोडक्यात सांगतो. शक्य असेल तिथे कोंबडी डोळ्यांसमोर कापून घ्यावी, आणि पेटीतली कोंबडी उभी आहे, डोळे उघडे आहेत, मान टाकलेली नाही, एवढे पाहावे. कापलेली घेताना रंग पाहावा. रक्त नीट वाहिलेल्या कोंबडीची कातडी फिकट असते. मेल्यावर कापलेलीच्या मानेची आणि पंखांच्या टोकांची कातडी लालभडक किंवा निळसर-जांभळी दिसते, शिरांत रक्त साकळलेले असते, काळीज गडद दिसते, आणि मानेवरच्या सुरीच्या जखमेला रक्ताळलेली कड नसते. बाजारभावाहून फार स्वस्त मिळते तेव्हा का स्वस्त ते विचारावे. कातडी काढून, लहान तुकडे करून, वर मसाला लावून विकायला ठेवलेल्या मांसात यांतली एकही खूण दिसत नाही. तिथे दुकानदाराची ओळख एवढाच आधार. घरी आणल्यावर कच्ची कोंबडी नळाखाली धूत बसू नये, शिंतोडे साऱ्या ओट्यावर उडतात. विळी आणि पाट साबणाने धुवावेत, त्यावर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नये.

आणि ज्यांच्या खुराड्यात कोंबडी मेली आहे त्यांच्यासाठी. उघड्या हाताने उचलू नये. हातांत प्लॅस्टिकची पिशवी घालावी, तोंडाला फडके बांधावे. पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवावे. एकच मेली असेल आणि बाकीच्या खाऊन-पिऊन ठीक असतील, तर घरापासून आणि विहिरीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा घेऊन, वर चुना टाकून पुरावी, आणि मग हात साबणाने धुवावेत. खाडीत टाकू नये, नाल्यात टाकू नये, कचराकुंडीवर ठेवू नये. कावळे आणि घारी तिची वाटणी पुढच्या गावापर्यंत करतात. पण एक-दोन दिवसांत दुसरी मेली, तिसरी मेली, किंवा उरलेल्यांचे तुरे काळेनिळे पडले, डोके सुजले, अंडी एकाएकी बंद झाली, आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर पुरण्याची घाई करू नये, हातही लावू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा महानगरपालिकेत कळवावे. पशुसेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो लावावा. आणि पक्षी हाताळलेल्या माणसाला पुढच्या दहाएक दिवसांत ताप, खोकला, दम लागणे यांतले काही झाले, तर डॉक्टरांना आजाराबरोबर कोंबडीचीही हकीकत सांगावी. डॉक्टर ती आपण होऊन विचारतीलच असे नाही, आणि या रोगावरचे औषध लौकर दिले तर त्याचा गुण अधिक येतो.

राई-मुर्ध्याकडच्या ज्या भगिनी आज इथे आल्या आहेत त्यांच्यापैकी कोणाला खुराड्याविषयी काही विचारावयाचे असेल तर त्यांनी पुढे यावे. आम्ही सभा संपल्यावरही थोडा वेळ इथेच थांबणार आहोत.